वाचकांचे प्रश्न : जपाला बसले की मन मागावर

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. जपाला किंवा पोथीला बसले की मन थाऱ्यावर राहत नाही, ही तक्रार वडगावच्या यंत्रमागांवरून आली आहे, तशीच निपाणीच्या पेठेतून आणि संकेश्वरच्या स्वयंपाकघरातूनही आली आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे आणि लांबलेली पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तरात माझा हात जरा सैल सुटला आहे, परंतु तोच प्रश्न इतर प्रश्नांच्या बुडाशी असल्यामुळे तो आखडता घेतला नाही.

प्रश्न : माझे वय ४८ आहे. वडगावात आमचे चार यंत्रमाग आहेत. घराणे वारकरी, गळ्यात माळ वडिलांच्या हयातीतच पडली. पहाटे अंघोळ उरकून मी 'रामकृष्णहरी' मंत्राचा जप करायला बसतो. परंतु पहिली माळ पुरी होण्याआधीच सुताचा भाव, थकलेली उधारी, कांड्या भरणाऱ्या बाईंचा खाडा, आज वीज किती वेळ जाईल याची धास्ती, असे सर्व काही डोक्यात येऊन बसते. माग बंद असतात तरी त्यांचा खडखडाट कानांत चालूच राहतो. सहा महिन्यांत मन एक मिनिटभरही शांत झालेले नाही. तोंडात देवाचे नाव आणि मनात व्यापार, हे ढोंगच नव्हे काय? जप सोडून द्यावा असे वाटू लागले आहे.
— एक विणकर, वडगाव, बेळगाव

उत्तर : ढोंग दुसऱ्याला दाखवण्यासाठी करायचे असते. पहाटे घरातील कोणी उठलेले नसताना, सहा महिने, काहीही हाती लागत नसताना आपण त्याच आसनावर जाऊन बसत आहात. याला दुसरे कोणतेही नाव देता येईल, पण ढोंग म्हणता येणार नाही. तेव्हा जप सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, ही विनंती.

आपली तक्रार जुनी आहे आणि ती एका मोठ्या माणसाने आपल्याआधी केलेली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, 'चञ्चलं हि मनः कृष्ण प्रमाथि बलवद्दृढम्', आणि या मनाला आवरणे म्हणजे वाऱ्याला मुठीत धरण्याइतके अवघड वाटते, अशी कबुली देतो. हा तोच अर्जुन आहे, ज्याला द्रोणाचार्यांच्या परीक्षेत झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, केवळ पक्ष्याचा डोळा दिसला. एकाग्रतेचा दाखला म्हणून ज्याचे नाव आपण मुलांना सांगतो, त्याचीसुद्धा नजर बाहेरच्या लक्ष्यावरून आतल्या मनाकडे वळली की अशी दाणादाण उडते. ज्ञानेश्वरीत त्याची ही तक्रार अधिकच गंमतीने आली आहे : 'हें मन कैसें केवढें । ऐसें पाहों म्हणों तरी न सांपडे । एऱ्हवीं राहाटावया थोडें । त्रैलोक्य यया ॥' मन केवढे आहे हे पाहू गेले तर ते सापडत नाही, आणि एरवी त्याला हिंडायला त्रैलोक्य अपुरे पडते. पुढे तर अर्जुन विचारतो की माकडाला समाधी लागेल, हे घडावे तरी कसे?

भगवंतांनी यावर अर्जुनाला दोष दिलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 'असंशयं महाबाहो', म्हणजे तू म्हणतोस ते खरेच आहे, अशी त्यांच्या उत्तराची सुरुवात आहे. नंतर ते अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. पतंजलींच्या योगसूत्रांतही याच दोन शब्दांची जोडी आली आहे. ज्ञानेश्वर महाराज मात्र या ठिकाणी मनाचा एक गुण सांगतात, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या एका ओवीत आहे : 'कां जें यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठाया सोके । म्हणौनि अनुभवसुखचि कवतिकें । दावीत जाइजे ॥' मनाची एक गोष्ट चांगली आहे. ज्या ठिकाणी त्याने एकदा गोडी पाहिली, त्या ठिकाणी ते सोकावते. म्हणून त्याला आत्मसुखाची चव कौतुकाने दाखवत राहावे. 'कवतिकें' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मनाला चाबूक मारायला, त्याच्याशी झुंजायला किंवा त्याचे दार बंद करायला येथे सांगितलेले नाही. लहान मुलाला नवा पदार्थ चाखवावा तसे कौतुकाने चाखवायला सांगितले आहे. ज्या खोडीमुळे आपले मन सुताच्या भावाकडे धावते, तीच खोड त्याला नामाकडे आणणार आहे.

आपल्याच धंद्यातील गोष्ट घ्या. विणताना धागा तुटतो, तेव्हा आपण माग थांबवता, तुटलेले टोक शोधता, गाठ मारता आणि पुन्हा माग सुरू करता. धागा तुटला म्हणून विणणे हे ढोंग आहे, असे आपल्या मनात येत नाही. धागे तुटणारच, हे गृहीत धरूनच विणकर मागाजवळ उभा असतो. 'यतो यतो निश्चरति मनश्चञ्चलमस्थिरम्' या श्लोकात हेच सांगितले आहे : जेथून जेथून मन निसटेल तेथून तेथून त्याला परत आणावे. मन निसटणार नाही, असे आश्वासन गीतेने दिलेले नाही. ज्या क्षणी आपल्या ध्यानात येते की आपण माळ ओढत ओढत उधारीच्या वहीपर्यंत जाऊन पोहोचलो आहोत, त्या क्षणी मन परतलेलेच असते. तेवढ्यात शांतपणे पुढचे नाम घ्यावे. पुष्कळ साधक त्याच क्षणी स्वतःला दूषणे देत बसतात आणि मन सुतातून सुटून स्वतःच्या अपराधात अडकते.

माझा स्वतःचा अनुभव सांगण्यासारखा नाही, पण सांगतो. बेळगाव तालुक्यातील एका गावी पारायण सप्ताहात मी वाचक म्हणून बसलो होतो. त्या वर्षी आमच्या भाऊबंदकीत बांधाचा वाद चालू होता. सात दिवस मी तोंडाने ओव्या वाचल्या आणि मनाने तलाठ्यापुढे उभा राहून चुलत्यांना निरुत्तर करत राहिलो. नववा अध्याय कधी आला आणि कधी गेला, हेही कळले नाही. काल्याच्या दिवशी हे मी शेजारी बसणाऱ्या एका वृद्ध वारकऱ्यांना सांगितले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. 'बांधावर जाऊन आलास ते आलास. ववी सोडलीस न्हाईस न्हवं?' एवढेच त्यांनी विचारले. मी सोडली नव्हती. तो वाद मिटायला पुढे तीन वर्षे लागली, पण त्या प्रश्नाने माझ्या वाचनातील धास्ती त्याच दिवशी गेली.

आता काही प्रत्यक्ष गोष्टी. आपण मनातल्या मनात जप करत असावा, असे पत्रावरून दिसते. शास्त्रांत जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार सांगितले आहेत : स्वतःला व शेजाऱ्याला ऐकू येईल असा, केवळ ओठ हलतील असा आणि निव्वळ मनातला. मानस जप श्रेष्ठ म्हणून सर्वांची धाव तिकडेच असते. परंतु ज्याच्या कानांत दिवसभराचा खडखडाट भरलेला आहे त्याने पहिल्याच दिवशी तेथून आरंभ करणे म्हणजे न पोहता विहिरीत उडी मारण्यासारखे आहे. बाहेर शांतता झाली की आतला आवाज अधिकच मोठा होतो. तेव्हा काही महिने मोठ्याने, चालीवर, जमल्यास टाळ घेऊन नाम म्हणावे. वारकरी संप्रदायाने संसारी माणसाला डोळे मिटून गप्प बसायला सांगितले नाही; त्याच्या हाती टाळ दिला, पायांत पावली दिली आणि गळ्याला चाल दिली. हात, पाय, कान आणि जीभ एकाच कामाला लागल्यावर मनाला पळायला वाटा थोड्या उरतात.

बसण्यापूर्वी वहीत आजच्या कामांच्या चार ओळी लिहून ठेवाव्यात. लिहिलेले काम मनाला वारंवार आठवून द्यावे लागत नाही. वैराग्याचा अर्थ माग विकणे असा घेऊ नये. त्या वीस मिनिटांत सुताविषयी कोणताही निर्णय करायचा नाही, विचार आला तरी सौदा ठरवायचा नाही, एवढे वैराग्य आपल्याला पुरे आहे. शिवाय जो खडखडाट आपल्याला शत्रू वाटतो, त्यालाही कामाला लावता येईल. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, त्यात एक लय असते. त्या लयीवर दिवसातून काही वेळ 'रामकृष्णहरी' म्हणून पाहावे. माझी आजी खानापूरकडची. तिने आयुष्यात बैठक मारून जप केल्याचे मला आठवत नाही, पण जात्याला हात लागला की तिच्या तोंडून ओवी आपोआप निघत असे आणि पीठ पडेपर्यंत थांबत नसे.

एक गोष्ट मात्र तंत्राने साधणार नाही. ज्या देवाचे नाव घेतो तो आपला कोणी तरी आहे, हे वाटल्याशिवाय मण्यांची नुसती मोजदाद होते. आपल्या वडिलांच्या तोंडचा एखादा अभंग आपल्याला आठवत असेल. जपाच्या आधी तो एकदा म्हणावा, मग माळ हाती घ्यावी. तुकाराम महाराजांनी 'मन करा रे प्रसन्न । सर्व सिद्धीचें कारण' असे म्हटले आहे. आपण सर्वजण मन गप्प करायला निघालेलो असतो आणि महाराज ते प्रसन्न करायला सांगतात. प्रसन्न झालेले मन पुष्कळदा गप्पही होते, पण गप्प केलेले मन प्रसन्न होईलच असे नाही.

सहा महिन्यांचा हिशेब जपाच्या वेळी करू नये. दुपारी वसुलीचा फोन आल्यावर आवाज चढण्याआधी आपण स्वतःला एखादा क्षण लवकर सावरता का, हे पाहावे.

प्रश्न : माझे माहेर खानापूर तालुक्यात आहे, तेथे रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. सासर बैलहोंगलकडचे, घरात कानडी बोलतात. आमच्या अत्ती (सासूबाईंना इकडे असेच म्हणतात) रोज इष्टलिंगाची (लिंगायत परंपरेत अंगावर धारण करतात त्या लहान शिवलिंगाची) पूजा करून 'ॐ नमः शिवाय' म्हणतात आणि त्यांनी मलाही मोठ्या प्रेमाने तो मंत्र म्हणायला सांगितले आहे. आता विठ्ठलाचे नाव घेताना अत्तींचा अवमान झाल्यासारखा वाटतो आणि पंचाक्षरी म्हणताना माहेर सोडल्यासारखे वाटते. शांतीसाठी जप करायचा, तर जपानेच ओढाताण वाढली आहे.
— एक गृहिणी, बैलहोंगल तालुका

उत्तर : आपली ओढाताण खरी आहे, परंतु ती देवांमधली नाही, दोन घरांवरच्या मायेमधली आहे. त्यामुळे ती फारशी वाईट म्हणता येणार नाही.

देवांचे म्हणाल, तर त्यांनी हा तंटा केव्हाच मिटवलेला आहे. पंढरीच्या विठोबाने मस्तकावर शिवलिंग धारण केले आहे, असे वारकरी मानतात. समर्थ रामदासस्वामी 'मनाच्या श्लोकां'त म्हणतात, 'विठोनें शिरीं वाहिला देवराणा', आणि त्याच श्लोकात पुढे 'निवाला स्वयें तापसी चंद्रमौळी' असेही म्हणतात. विठोबा शंकराला डोक्यावर घेतो आणि शंकर स्वतः रामनामाने निवतो, म्हणजे शांत होतो. ज्याचे नाव अत्ती घेतात, तोच दुसऱ्याच्या नामाने शीतल झालेला आहे. अशा ठिकाणी आपण कोणाचा अवमान करणार? पंचाक्षरी मंत्राची अक्षरे यजुर्वेदातील रुद्रात 'नमः शिवाय च शिवतराय च' अशी येतात, आणि तोच रुद्र आपल्या माहेरच्या गावातील महादेवाच्या अभिषेकातही म्हटला जात असेल.

भाषेचे म्हणाल, तर ज्ञानदेवांनीच 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु' म्हणून ठेवले आहे. 'कानडा' म्हणजे कर्नाटकातला की सहजी न कळणारा, यावर अभ्यासकांत वाद आहे. आपल्या भागातल्या माणसाला दोन्ही अर्थ एकदमच पटतात. पुरंदरदासांची कानडी पदे 'पुरंदर विठ्ठल' या मुद्रेने संपतात, म्हणजे विठोबा सासरच्या भाषेतही आधीपासूनच नांदतो आहे. उलट बाजूने पाहावे, तर शिवभक्त मन्मथस्वामींनी मराठीत रचना केली आहे. आणि अगदी जवळचे उदाहरण हवे असेल, तर अनगोळच्या हरिमंदिराच्या कलावती आई या हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींच्या शिष्या. सिद्धारूढांच्या मठात 'ॐ नमः शिवाय' घुमतो आणि त्यांच्या शिष्येने बेळगावात उभारलेल्या मंदिराचे नाव हरीचे आहे. पाटीवरच्या अक्षरांपायी आपल्या सीमाभागात बरीच डोकी तापली आहेत; ओठांवरच्या अक्षरांपायी तरी ती तापू नयेत.

हे सर्व पटले तरी रोजच्या जपात कोणते नाम घ्यावे, हा प्रश्न उरतोच, कारण आज एक आणि उद्या दुसरे असे केल्याने मन खरोखरच कोठेही रुजत नाही. एकांतातल्या जपासाठी एकच नाम ठरवावे. ते विचार करून निवडण्यापेक्षा ओळखावे : ठेच लागली, मूल जिन्यावरून घसरले, रात्री दचकून जाग आली, की आपल्या तोंडून कोणते नाव निघते ते पाहावे. बहुतेकांच्या बाबतीत ते बाळपणी कानावर पडलेले असते. आपले ते 'विठ्ठल' असेल, तर माळेवर तेच राहू द्यावे आणि अत्ती पूजेला बसतील तेव्हा त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या आवाजात आवाज मिसळून पंचाक्षरी म्हणावी. ती त्यांची सोबत आहे, आपल्या नामाची फारकत नव्हे. इष्टलिंग धारण करण्यासाठी त्यांच्या परंपरेत गुरूंची दीक्षा लागते, तो भाग निराळा; शिवाचे नाव घ्यायला कोणाची आडकाठी नाही.

आणि हे अत्तींना मोकळेपणी सांगून टाकावे. ज्या सासूला सुनेने आपला मंत्र म्हणावा असे वाटते, तिला सुनेचा हरिपाठ ऐकावासाही वाटेल, असा माझा कयास आहे. पुढे काही वर्षांनी आपल्या ओठांवर पंचाक्षरीच आपोआप येऊ लागली, तर तिलाही अडवू नये.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी बेळगावात खोली घेऊन राहतो. मन एकाग्र व्हावे म्हणून आम्ही मित्रांनी ४० दिवसांत १ लाख जपाचा संकल्प केला आहे. मोबाइलवरील काउंटरने मोजतो आणि रात्री एकमेकांना आकडे पाठवतो. माझा आकडा नेहमी मागे राहतो आणि त्याचीच चिंता लागते.
— एक विद्यार्थी, मूळ गाव चिकोडी तालुका

उत्तर : आधी हिशेब करू. १ लाख म्हणजे १०८ मण्यांच्या सुमारे ९२६ माळा, ४० दिवसांत रोज २३ माळा. घाई न करता 'रामकृष्णहरी' म्हटले तर माझ्या मोजणीने एका माळेला चार मिनिटे लागतात, म्हणजे रोज दीड तास. परीक्षा तोंडावर असताना हा दीड तास अभ्यासातून काढणार की झोपेतून, हे संकल्प करताना कोणी विचारलेले दिसत नाही. समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षांत 'श्रीराम जय राम जय जय राम' या त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. त्याचा रोजचा हिशेब तीस हजारांच्या घरात जातो. पण समर्थांना परीक्षेचा अर्ज भरायचा नव्हता.

संख्येला माझा विरोध नाही. आज मन लागत नाही म्हणून उठून जाणाऱ्याला ठरलेली संख्या आसनावर धरून ठेवते, एवढा तिचा उपयोग आहे. ती दुसऱ्याच्या संख्येशेजारी मांडली की तिचा बाजारभाव होतो, आणि मग मन जेथून सोडवायचे तेथेच परत जाते. गटाला आकडे पाठवणे आजपासून बंद करावे. रोज तीन माळा, अभ्यासाला बसण्यापूर्वी, एवढेच ठेवावे. मोजण्यासाठी तुळशीची माळ घ्यावी. मोबाइल हातात असला की एकशे नववा मणी संदेशाचा असतो.

प्रश्न : नाम गुरूंकडूनच घ्यावे लागते का? पुस्तकातून वाचून घेतलेले नाम फळत नाही, असे काही जण सांगतात.
— एक वाचक, अथणी

उत्तर : बीजमंत्र किंवा विशिष्ट अनुष्ठाने जाणत्याच्या मार्गदर्शनाशिवाय करू नयेत, हे योग्यच आहे. देवाच्या नावाला ती अट नाही. हरिपाठ 'काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं' असे सांगतो. तरीही गुरुमुखाने मिळालेल्या नामाचे बळ निराळे असते, ही आपल्याच भागातील इंचगेरी परंपरेची धारणा आहे आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. जमखंडीत १८८६ साली जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे यांना याच परंपरेतील उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून १९०१ साली, म्हणजे ऐन शालेय वयात, नाम मिळाले. पुढे ते तत्त्वज्ञानाचे नामांकित प्राध्यापक आणि अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान कोळून प्यायले, आणि तरीही निंबाळच्या आश्रमात १९५७ साली देह ठेवीपर्यंत त्या एका नामालाच धरून राहिले. तुकाराम महाराजांना तर 'रामकृष्णहरी' हा मंत्र बाबाजींकडून स्वप्नात मिळाला. तेव्हा गुरू भेटेपर्यंत नाम घेत राहावे. गुरू शोधण्याच्या नावाखाली नाम लांबणीवर टाकू नये. जो नामाचे पैसे मागतो, त्याच्याकडे मात्र पुन्हा जाऊ नये.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. तेव्हापासून रात्री छातीत धडधडते, दोन-अडीचला जाग येते, नको ते विचार येतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. नातेवाईक म्हणतात की गोळ्यांची सवय लागेल, त्या सोडून नाम वाढवा. काय करावे?
— एक सेवानिवृत्त गृहस्थ, निपाणी

उत्तर : गोळ्या सोडू नयेत. त्या कमी करायच्या की बंद करायच्या, हे डॉक्टर ठरवतील. नातेवाईक ठरवणार नाहीत आणि मीही ठरवणार नाही. पतंजलींनी चित्त विचलित करणाऱ्या नऊ अंतरायांची यादी दिली आहे, त्यात पहिला शब्द 'व्याधि' आहे. शरीर आजारी असताना मन चळते, हे ज्यांनी योगशास्त्र रचले त्यांनाही ठाऊक होते. धडधड हृदयाची आहे की चिंतेची, याची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी. 'नको ते विचार' या शब्दांत जीव नकोसा होण्याचा विचार असेल, तर उद्याची वाट न पाहता घरच्यांना सांगावे आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र शासनाची मोफत सेवा आहे. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्थाही आपल्यापासून फार दूर नाही.

नाम मात्र गोळ्यांच्या जोडीने अवश्य घ्यावे, आणि रात्री जाग आल्यावर ते कसे घ्यावे हे सांगतो. अंथरुणावर उठून बसावे, दिवा मंद ठेवावा आणि अगदी हळू आवाजात, एका उच्छ्वासात मावेल तेवढे नाम लांबवून म्हणावे. श्वास आपोआप आत येईल, मग पुन्हा. इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला होता. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र, या दोहोंच्या उच्चाराने श्वसनाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाली आणि हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर त्याचा अनुकूल परिणाम दिसला. प्रयोग छोटा होता आणि तो आजाऱ्यांवर नव्हता. त्यामुळे त्यावरून रोग बरा होण्याची हमी घेऊ नये. परंतु संथ लयीत म्हटलेले नाम श्वासाला संथ करते, एवढे त्यावरून समजते, आणि आपली पहिली गरज तेवढीच आहे.

पत्नीची आठवण जपात येईल. ती आली की तिला घालवू नये. त्या जी आरती किंवा जे स्तोत्र म्हणत असत, ते संध्याकाळी दिवा लावताना आपण म्हणावे. रडू आले तर येऊ द्यावे. देवासमोर रडायला आपल्या संतांनी कधी कमीपणा मानलेला नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी भजनाला किंवा कीर्तनाला, माणसांत, जाऊन बसावे.

प्रश्न : रात्री सर्व आवरल्यावर जपाला बसते, पण दुसऱ्या माळेला पेंग येते आणि माळ हातातून पडते. देवाचा अपराध होतो का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : अपराध होत नाही. पहाटे पाचला उठणारी बाई रात्री दहाला बसल्यावर पेंगणारच. जपाची वेळ बदलून पाहावी : दुपारी जेवणाआधी किंवा संध्याकाळी दिवा लावल्यावर दहा मिनिटे, तोंड धुऊन, मोठ्याने. रात्रीच बसायचे असेल तर भिंतीला टेकू नये, एक माळ उभ्याने करावी. एवढे करूनही झोप आलीच, तर माळ उशाशी ठेवावी आणि नाम घेत घेत झोपी जावे.